तासभर आधी

मुरगाव बंदरात सतरा दिवस अडकलेल्या जहाजावर
मी कांदे पोचवतो, बटाटे, लाल मिरची, चहाची पुडकी.
वास्कोत तीन पिढ्या आमचा हाच धंदा:
आलेल्या जहाजाचं आधी पोट ओळखायचं,
झेंडा मागाहून.

सेकंड इंजिनियर इल्हामी कार्सचा.
समुद्राशी काही संबंध नसलेलं, बर्फाचं गाव.
नदीपलीकडं आर्मेनिया.
पलीकडचा कोंबडा आरवला
की त्यांच्या घड्याळात सहा, आमच्यात पाच,
कोंबडा एकच, म्हणतो.
त्र्याण्णव साली फाटक बंद झालं.
बाप रेल्वेत सांधेवाला.
गाडी नाही, तरी रोज जाऊन सांध्याला तेल घालायचा.

मी तोडक्या इंग्रजीत आमची म्हण सांगितली:
कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
झाकणारा कोण, ते म्हणीत नाही?

माझ्या आजोबांच्या तोंडी
फार लांबच्या मुलखाला एकच शब्द होता, रूमशाम.
आणि त्याच्याही चारशे वर्षं आधी
'रूमी आले, रूमी आले' या आवईनं
या खाडीवर पोर्तुगीज रात्र रात्र जागायचे.
रूमींची गलबतं इथवर आली नाहीत.
भीती मात्र आली, अगदी वेळेवर.

इल्हामीला गंमत वाटली.
त्या दौलतीला शेजारीच नव्हते, म्हणाला.
होते ते प्रांत,
नाहीतर पुढच्या वर्षीची स्वारी.
शेजारी हा शब्द आम्ही उशिरा शिकलो,
हरल्यावर.

मग जेवणाच्या टेबलावर त्यानं एक बटाटा ठेवला,
भोवती माझेच आठ कांदे.
हा ग्रीक. भूकंप झाला तेव्हा
एकमेकांचे ढिगारे उपसायला धावलो,
आता बेटांवर विमानं एकमेकांच्या शेपटाशी.
हा सिरिया. याच्यासाठी व्हिसाच काढून टाकला होता,
ईदला भाऊबंद येऊन जेवून जायचे.
मग युद्ध, मग लाखो माणसं, मग भिंत,
आणि भिंतीपलीकडं आमचीच फौज.
एक घोषणा होती आमच्याकडं: शेजाऱ्यांशी तंटे शून्य.
ते शून्य त्यानं माझ्या बिलाच्या पाठीवर काढलं,
मोठं, पेन्सिलीनं,
आणि त्यावर चहाचा पेला ठेवला.

तेवढ्यात आचारी आला, एक कांदा उचलून घेऊन गेला.
कुठला, ते दोघांनीही पाहिलं नाही.
आतून चिरल्याचा आवाज येत राहिला.

मला सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं.
आईचं माहेर बांदा,
पत्रादेवीच्या नाक्यापासून चालत तासभर.
पंचावन्न साली तिथं गोळ्या चालल्या आणि नाकं बंद.
कांदा पलीकडं अडला,
आम्ही बोटीनं आलेले हॉलंडचे बटाटे खाल्ले.
सहा वर्षं त्या तासाला वाट नव्हती.
एकसष्टच्या डिसेंबरात उघडलं सगळं,
आठवड्याच्या आत मामा दारात,
डोक्यावर कांद्याचं पोतं.
आई रडली, त्याच्या पायांवर तिनं ऊन पाणी घातलं.
आणि पुढच्या मिरगाआधी
काजूच्या बागेच्या मेरेवरून
दोघं सावंतवाडीच्या कोर्टात.

इल्हामी इतका हसला की पेला लवंडला,
शून्य पसरलं कागदभर.
आता पुन्हा बोलणी चालू आहेत म्हणे,
रूळ दुरुस्त करणार.
फाटक उघडलं तर आम्हीपण तसं भांडू?
समोरासमोर, मेरेवरून, वकील लावून?
त्याच्या विचारण्यात आशा होती,
मला ती ओळखता आली.

सही करून झाल्यावर, शिडीपाशी, मी विचारलं,
बाप आहे?
आहे, म्हणाला. पहाटे उठतो.
पलीकडच्या वेळेनं.